सोमलाचं पाणी

सिनसिनाटी, ९ मार्च १८९२

प्रिय अल्मिरा,

आज प्रेतं टिकवायची विद्या शिकवणाऱ्या ह्यांच्या वर्गासाठी औषधाच्या बारा बाटल्या आल्या. आगगाडीचं भाडं धरून साडेनऊ डॉलर पडले. एरवी हे लगेच खोकं फोडतात. आज ते दारातच पडून आहे.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती कशी सांगावी हे प्रार्थनेला बसूनही सुचलं नाही. तुझी लविनिया आजाराने गेली, असं आता इथे कुणी मानत नाही. तिच्या स्वयंपाकिणीने सरकारी डॉक्टरला जाऊन सांगितलं, की दोन महिने ऑरिन स्वतःच्या हाताने बायकोला सूप पाजायचा आणि दर वेळी ती ओकायची. तुझा हा जावई गेल्या आठवड्यापासून दुसऱ्या लग्नाचं बोलतो आहे.

तो डॉक्टर परवा घरी आला. टोपीही न काढता म्हणाला, "मास्तर, प्रेत टिकवायच्या तुमच्या पाण्यात काय असतं हो?" हे म्हणाले, "सोमल." "मग झालंच तर. आता तिच्या पोटात सोमलाचं विष सापडलं, तरी ते नवऱ्याचं की तुमचं, हे कोण सांगणार? त्याचं काम तुम्ही फुकटात पुरं केलंत."

अल्मिरा, सुईने तिच्या देहात ते पाणी भरायची घाई ऑरिनचीच होती. "काका, हिची आई कॅन्ससहून येईपर्यंत चेहरा राहायला हवा, आजच करा," म्हणून रडत होता. घरचं माणूस म्हणून ह्यांनी डॉक्टरचा दाखलाही मागितला नाही. पाचव्या दिवशी तू आलीस आणि म्हणालीस, "झोपलीय गं नुसती." तेव्हा मला ह्यांच्या विद्येचा अभिमान वाटला. देव मला क्षमा करो. आता हे वर्गात पहिला धडा हाच देतात, की डॉक्टर पाहून गेल्याशिवाय सुई उचलायची नाही. कोर्टातही आपली चूक सांगणार आहेत. त्यानंतर वर्ग टिकेलसं वाटत नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. निघताना तुझ्या हाती तिची वेणी दिली होती. ती मी तिला न्हाऊ घालताना कापली, ह्यांची सुई लागण्याआधी. डॉक्टर म्हणतो, पोटात गेलेला सोमल केसांत उतरतो. आता खरं सांगतील ते तेवढेच केस. पण तपासायला ते विरघळवावे लागतात, एक बटही परत यायची नाही. तू आठवण म्हणून गळ्यात घालायला त्यांचा गोफ विणून घेणार होतीस. कारागीर आधी केस सोड्यात उकळतो, त्यात सोमलाची खूण धुऊन जाईल; तेवढं होऊ देऊ नकोस. याहून जास्त मागायला माझी जीभ रेटत नाही. वेणी पाठवतेस की ठेवतेस, उलट टपाली कळव.

तुझीच,
थर्झा