खोल पाण्यातली स्वच्छ माणसं

५ मार्च. राखेचा बुधवार.
सकाळी चर्चमध्ये फादर अनासेतोंनी कपाळावर राख लावली. त्यांचा अंगठा माझ्या आधी अख्ख्या सबांग गावाच्या घामट कपाळांवरून फिरून आला होता. डोळे मिटून घेतले. तिथेच ठरवलं, यंदा ईस्टरपर्यंतच्या उपवासात नुसतं मांस आणि गोड सोडायचं नाही. किळसही सोडायची.
दुपारी नवशिक्या पाहुण्यांना डायव्हिंगसाठी पाण्यात नेलं. एक जण खाली रेग्युलेटरमध्येच, म्हणजे सिलिंडरची हवा ओढायला तोंडात धरतात त्यातच, ओकला आणि वर येऊन हसला. दुसऱ्याने अंगाला चिकटलेला रबरी वेटसूट काढून माझ्या हातात दिला. आतून गरम होता. समुद्र आज गार होता.
किळस उद्यापासून सोडू.

७ मार्च.
मोठी बातमी. आमच्या डायव्हिंगच्या दुकानाच्या मालकीण विल्मा मॅडम ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून ‘खोल बोट’ सुरू करणार. पन्नास मीटरच्याही खाली एक बुडालेलं जहाज आहे, तिथे पाहुणे न्यायचे. दोन गाइड हवेत, जोडीने. शिकवणार मॅडम, सामान ज्याचं त्याचं. मी नाव दिलं. माझ्या बायकोच्या, डेलिझाच्या, धाकट्या भावानेही दिलं. रुफो. म्हणजे मेहुणाच जोडीदार.
वीस वर्षं उथळ पाण्यात लोकांचा शेंबूड पाहतो आहे. खोल पाण्यात जाणारी माणसं वेगळी असणार. अभ्यासू, गंभीर, स्वच्छ. देवाने बोलावलं आहे असं वाटतं.

११ मार्च.
सामान निवडणे, दिवस पहिला. मॅडमचा नियम असा की प्रत्येक वस्तू दोन. मास्क दोन, खोली मोजायचे मनगटावरचे कॉम्प्युटर दोन, सुरी दोन, दिवे तर तीन. खाली एक बिघडली तर वर येऊन दुसरी आणता येत नाही. हा नियम मला फार आवडला. माणसाला आत्मा एकच का दिला असावा, यावर बराच वेळ विचार केला.
सिलिंडरची जोडी पाठीवर घ्यायची की दोन्ही काखांत, हे ठरत नाही. मॅडम म्हणाल्या, “ताकियो, काहीही घ्या, पण या वर्षी घ्या.”

१४ मार्च.
पाठीवर ठरलं. एका परदेशी माणसाने विकायला ठेवलेली तरंगायची पिशवी पाहिली. तो तिच्यात तोंडाने हवा फुंकत असे. उलटी केली तर आतून तपकिरी पाणी आलं, आणि त्यात मिशीसारखं काहीतरी. रुफो वाकून बघत म्हणाला, “दाजी, सूप आहे. मीठ बघा जरा.”
दुपारचं जेवण गेलं नाही. पिशवी नवीच घेणार.

१८ मार्च.
उपवास उत्तम चालला आहे. तिन्ही वेळा मासळीच. सकाळी तळलेली सुकी मासळी, लसणीचा भात आणि लसूण मुरवलेला व्हिनेगर. रात्री खारवलेल्या कोळंबीची चटणी. तोंडाला चव आहे. शिवाय संयमाचं समाधान.
डेलिझा म्हणाली, “अहो, गोड सोडलंत ते ठीक, पण दात घासणं का सोडलंत?” तिला समजावलं की पेस्ट गोड असते. मिठाच्या पाण्याची चूळ पुरते आणि ती मला कामावर दिवसभर फुकट मिळते. त्यावर तिने खिडक्या उघडल्या. उकाडाही आहेच.
बंदरावरची मांजरं हल्ली माझ्या मागे घरापर्यंत येतात. मुक्या प्राण्यांना माणसातला फरक कळतो.

२२ मार्च.
रेग्युलेटर घेतला. दोन. एकाची नळी दोन मीटर लांब, दुसरा गळ्यात माळेसारखा लटकवायचा. दोन्ही कोरे, तोंडात धरायच्या रबराला कोणाचा दात न लागलेले. फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं.
दुकानात परतल्यावर सगळे आपापले रेग्युलेटर एकाच पिंपात बुचकळतात. त्या पिंपाकडे आज नीट पाहिलं. वर साय होती. माझा रेग्युलेटर त्या पिंपाला कधी लागणार नाही, अशी शपथ घेतली. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरी आणतो आणि येशूबाळाच्या तसबिरीखाली ठेवतो. धुवायचं काय त्यात? आपली लाळ आपल्याला घाण नसते.

२६ मार्च.
आज हादरलो. कोरड्यावर सराव होता. जोडीदाराची हवा संपली तर काय करायचं? मला वाटलं गळ्यातला, न वापरलेला रेग्युलेटर त्याला द्यायचा. मॅडम म्हणाल्या, “नाही. आपल्या तोंडातला काढून द्यायचा आणि गळ्यातला आपण घ्यायचा. घाबरलेला माणूस तोंडातलाच ओढतो. आणि तोंडातला चालू आहे, एवढं तरी नक्की असतं.”
म्हणजे एकमेकांचं उष्टं. पन्नास मीटर खाली. अभ्यासू, गंभीर माणसांनी हे शोधून काढलं आहे.
रुफो सुपारी खातो. रुफोचा एक दात काळा आहे. रुफोचं रबर माझ्या तोंडात.
संध्याकाळी किनाऱ्यावर रमचा फड बसला होता, नेहमीसारखा एकच ग्लास फिरत. मी उपवासाचा, नुसता बसलो. मन मोकळं केलं. रुफो म्हणाला, “दाजी, गेल्या महिन्यापर्यंत तुम्ही याच ग्लासातनं पीत होता. तेव्हा माझा दात पांढरा होता का?” सगळे हसले. रममध्ये जंतू मरतात, एवढंही त्यांना ठाऊक नाही. समुद्रात रम नसते.

२ एप्रिल.
मेहुण्याचं रबर तोंडात घ्यायचा सराव आज होता. कान दुखत असल्याने पुढे ढकलला.

५ एप्रिल.
कान बरा. पोट बिघडलं.

९ एप्रिल.
एका संताचा सण आहे असं वाटलं. नव्हता. पण तोवर बोट गेली होती.
मात्र वेळ वाया घालवलेला नाही. हातमोजे कोणते घ्यावेत हे पक्कं केलं. मॅडमना सांगितलं की एकच कौशल्य राहिलं आहे, बाकी मी तयार आहे. त्या म्हणाल्या, “तेच कौशल्य म्हणजे कोर्स आहे, ताकियो. पुढच्या बुधवारी परीक्षा. त्या दिवशी पोप आले तरी पाण्यात उतरायचं.”

१३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार.
चर्चमध्ये मनापासून प्रार्थना केली. हे देवा, मला हे खोल पाणी दे. उरलेलं आयुष्य दुसऱ्यांचे गरम वेटसूट उलटे करण्यात घालवायला लावू नकोस. बदल्यात रुफोचं रबर तोंडात घेईन. चेहरा वाकडा करणार नाही.
हिशेब असा: श्वास धरून रबर तोंडात घ्यायचं, ओठ आत मुडपायचे, जीभ मागे. आरशासमोर चमचा घेऊन सराव केला. डेलिझाने पाहिलं. तो चमचा तिने वेगळा ठेवला.

१६ एप्रिल. परीक्षा.
लिहावं की नाही, ठरत नव्हतं. लिहितो.
सामान अप्रतिम दिसत होतं. मॅडमनीही नळ्यांची मांडणी पाहून मान हलवली. आधी मी देणारा आणि रुफो घेणारा, असं ठरलं. त्यामुळे मी निश्चिंत. सहा मीटरवर, वाळूवर गुडघे टेकून, रुफोने हवा संपल्याची खूण केली. मी तोंडातला रेग्युलेटर काढून, वधूच्या बोटात अंगठी घालावी इतक्या शांतपणे त्याच्यापुढे धरला. त्याने तोंडात घेतला. एक श्वास घेतला.
मास्कमागे त्याचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, कृतज्ञता.
मग त्याने माझा रेग्युलेटर झिडकारला, स्वतःचा तोंडात कोंबला आणि त्यात ओकला. दुसऱ्यांदा ओकला. आजूबाजूचे मासे जमले, खूप जमले, आनंदात दिसत होते. मॅडमनी त्याचा दंड धरून त्याला वर नेलं.
बोटीत रुफो आडवा पडून म्हणाला, “मॅडम, हवा संपली तर मला मरू द्या. दाजींची देऊ नका.” मॅडमनी माझ्या रेग्युलेटरचा वास घेतला. मग त्याही बोटीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. रबर उलटून पाहिलं, तर आत हिरवट काळं काहीतरी होतं आणि मासळीचा एक काटा. काटा मी ओळखला.
“किती दिवस धुतला नाहीत?” मी पिंपावरच्या सायीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “साय परवडली.”
रुफोचं पोट लहानपणापासून नाजूक आहे. अशा माणसाने खोल पाण्याच्या भानगडीत पडू नये. मी मात्र चेहरा वाकडा केला नाही. बोलल्याप्रमाणे.

१७ एप्रिल. पाय धुण्याचा गुरुवार.
येशूच्या बारा प्रेषितांच्या जागी बसवतात त्यांत यंदा मी. फादर अनासेतोंनी वाकून माझे पाय धुतले, त्यांचं चुंबन घेतलं. मी हळूच सांगितलं, “फादर, बोटीसाठी प्रार्थना करा.” ते एकदम मागे सरले. डोळ्यांत पाणी होतं. भरून आले असावेत.

१९ एप्रिल.
मॅडमनी निकाल दिला. खोल बोटीवर रुफो आणि ओफेलिया. ओफेलिया आमच्याच दुकानातली गाइड. कालच्या एका दिवसात तिने रुफोबरोबर परीक्षा दिली आणि पास झाली. एका दिवसात हातमोजेसुद्धा नीट निवडून होत नाहीत.
रुफोची नळी आखूड निघाली म्हणून मी माझी लांब नळी दिली. कुटुंब आहे. त्याने रबर कापून समुद्रात फेकलं आणि नवं बसवलं.
मला मॅडमनी बाजूला घेतलं. जरा लांबच. म्हणाल्या, “ताकियो, स्वच्छतेचं इतकं मनावर घेणारा माणूस दुकानात दुसरा नाही. आजपासून ते पिंप तुमचं. सगळ्यांचे रेग्युलेटर तुम्ही धुवायचे. पाहुण्यांचेही. वेटसूटसुद्धा. स्वतःपासून सुरू करा.”
मी लगेच हो म्हटलं नाही. विचार केला. प्रभूने पाय धुतले. हे तर तोंडाशी संबंधित, म्हणजे बरंच वरचं काम.

२१ एप्रिल. ईस्टरचा सोमवार.
सकाळी खोल बोट गेली. रुफोने हात केला. ओफेलियानेही केला, पण ती वाऱ्याच्या उलट बाजूला उभी होती. मी धक्क्यावर मांजरांबरोबर.
पिंपातलं पाणी ओतून दिलं. तळाशी काय होतं ते लिहीत नाही. नवं पिंप निळं घ्यावं की पांढरं? पांढऱ्यात घाण दिसते, निळ्यात मन शांत राहतं. अर्थात दोन घ्यावी लागतील. एक फुटलं तर दुसरं.
डेलिझाने काल ईस्टरची भेट दिली, दोन टूथब्रश. एक मऊ, एक कडक. हातात ठेवले आणि रडवेली झाली. बाईने माझ्या नव्या कामाचा किती विचार केला आहे! रबराच्या बारीक खाचा घासायला याहून चांगलं अवजार मिळणार नाही. दुकानातच ठेवून आलो.