यांच्या रायफलीचं तेलपाणी

११ नोव्हेंबर, मंगळवार
कालच यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस वाकायचं नाही, धूळ नको. आणि यांच्या सिक्युरिटी एजन्सीचा नवा नियम नेमका आजच यायचा होता! वीस तारखेला सगळ्या गनमनच्या बंदुका तपासणार. नुसत्या बघणार नाहीत — दोन-दोन गोळ्या झाडून बघणार. नापास झाली तर गनमनची नोकरी गेली. बारा वर्षं सराफाच्या दारात उभे आहेत हे, आजवर कुणी विचारलं नव्हतं!
एजन्सीचा फोन आल्यापासून हे रायफलीकडेच बघत बसलेत.

१२ नोव्हेंबर
म्हटलं, मी साफ करते, तुम्ही खुर्चीत बसून सांगा. "कशाला? राहू दे." — राहू दे कसं? अठ्ठावीस वर्षं शिलाई मशीनला तेल घालतेय मी!

१३ नोव्हेंबर
बसले एकदाचे. आधी रायफल रिकामी आहे ना ते बघायचं. मग बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, मागे ओढून बाहेर काढायचा. दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायची — पहिली काळीकुट्ट, पाचवी पांढरी. बोल्टला तेल लावताना, "एक थेंब गं! भजी तळायची न्हाईत." खाडीच्या हवेने दोन दिवसांत गंज धरतो म्हणून सगळं पुसून घेतलं. बोल्ट खोलून आतली पिनही — गोळीवर आपटते ती — पुसते म्हटलं, तर केवढ्यांदा ओरडले — "त्याला हात लावायचा न्हाई!"
एवढं काय झालं ओरडायला? भाजीत मीठ कमी घातलं. मुद्दाम.

१५ नोव्हेंबर
पुन्हा पुसली. काय चकाकतेय! माझी मलाच ऐट.

१६ नोव्हेंबर, रविवार
साताऱ्याहून बाबासो भाऊजींचा फोन. यांचे धाकटे भाऊ, तेही फौजेतले. तपासणीचं सांगितलं तर म्हणाले, "वैनी, रिकाम्या नळीत बांबूची लांब काडी सोडा, टोक वर दिसू द्या. मग घोडा ओढा. काडी टुणकन उडाली तर पिन ठीक."
हे दुपारी झोपले होते. टोमॅटोच्या कुंडीतली काडी घेतली, धुतली, पुसली. घोडा ओढला. हलली नाही. तीनदा केलं. हलली नाही!
मीच बिघडवली. गुरुवारी रागाच्या भरात यांची पाठ वळताच पिनेच्या भोकात मशीनचं तेल सोडलं होतं — चांगले चार थेंब. माझ्या हाताने यांची नोकरी घालवली.

१७ नोव्हेंबर
दोनदा सांगायला गेले. दोनदा चहा हवा का विचारून आले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं. रडत रडत. हे चिडले नाहीत. "तेलानं न्हाई, सुनयना. पिनेचं टोक मीच कानशीनं घासलंय. पहिल्याच वर्षी. एकजण साखळी घेऊन पळाला, मी नेम धरला. त्याच्या मागं बायका, लेकरं. बोट घोड्यावर गेलं हुतं गं! त्याच रात्री घासलं, पुन्हा गोळी सुटायलाच नको."
नवी पिन बसवू म्हटलं. नको म्हणाले. उद्या एजन्सीत साधा वॉचमन म्हणून नाव देणार.
आणि मी बारा वर्षं रोज डबा हातात देताना निर्धास्त — बंदूक आहे जवळ, यांना कोण काय करतंय!