शिलाई मशीन नसलेल्या घरी

विद्यापीठ,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीक्षाताई,

सप्रेम जयभीम. हे पत्र नेहमीप्रमाणे तू सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवशीलच, म्हणून सोजराआत्यांनाही जयभीम. त्यांचे गुडघे बरे असतील, भाऊजींचा टेम्पो हळदीच्या पोत्यांनी भरून हिंगोलीच्या खेपा करत असेल, असं धरून पुढे लिहिते. बातमी पोटात मावत नाहीये.

आमच्या प्रयोगशाळेला बक्षीस मिळालं! साधंसुधं नाही, देशभरातल्या प्रयोगशाळांमधून. मेंदूवर संशोधन करायचं आणि ते गावोगावी लोकांना समजेल असं सांगायचं, या कामासाठी. जान्हवी मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, एरवी हसायलाही वेळ नसलेल्या, त्यांनी पेढे स्वतः वाटले आणि मला दोन दिले.

आणि दुसरी बातमी ऐक. झोप कमी झाली की मेंदूत काय घडतं, यावरचा आमचा लेख इंग्रजी नियतकालिकात छापून आला. वर काम करणाऱ्यांची नावं आहेत. शेवटून दुसरं नाव माझं! वडिलांचं नाव पूर्ण घालू देत नाहीत, नुसतं एक अक्षर. बाबांना फोटो पाठवला तर म्हणे पंक्चर काढायला थांबलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते अक्षर दाखवतात. "हे मी हाय," म्हणतात.

शिबिरात काय मजा येते म्हणून सांगू! आमच्याकडे तारांची एक टोपी आहे. ती डोक्याला घालून डोळे मिचकावले की पडद्यावरच्या रेघा उड्या मारतात. मागच्या गावात रामसिंगकाका म्हणून एक म्हातारे होते. म्हणाले, "पोरी, आमच्या सरपंचाला घाल ही टोपी. आत लाईट हाय का न्हाई, एकदाचं कळू दे." सरपंच शेजारीच बसले होते. त्यांनी टोपी घातली, रेघा उमटल्या आणि गावाने टाळ्या वाजवल्या.

आता मुख्य सांगते. पुढचं शिबिर सोळा तारखेला, रविवारी, तुमच्याच शिरड शहापूरला! विषय आहे फिट येणे, म्हणजे मिरगी. लोकांसमोर कुणीतरी फिट आल्यासारखं पडतं आणि मग अशा वेळी काय करावं ते मॅडम दाखवतात. पडायचं काम माझ्याकडे आहे. मॅडम म्हणतात, तुझ्यासारखं हुबेहूब कुणाला जमत नाही. तू ये, ताई. पुढेच बस. आत्यांनाही आण.

मागे तू म्हणालीस की आत्या अजून तुला चुलीपुढे बसू देत नाहीत, आडावरही पाठवत नाहीत. एवढं वाचताना वगळ हं. तुझ्या भाकरीसारखी भाकरी मला या शहरात मिळालेली नाही.

आईकडून गोड बातमी कळली. मी मावशी होणार! शिलाईचा दोरा नेहमीसारखा डब्यातून पाठवतेय. रोज वापर, मध्येच बंद करू नकोस. आणि या दिवसांत कुठला दोरा चालेल, ते दवाखान्यात डॉक्टरांना विचार. नक्की विचार.

तुझी,
मित्रा


शिरड शहापूर,
१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

जयभीम. हे पत्र तुझ्याच घरात, तुझ्याच खाटेवर बसून लिहितेय. तू मात्र कनेरगाव नाक्याला आई-बाबांकडे निघून गेलीस. दुपारी फोन लावला तर बाबांनी उचलला. "तिला बोलायचं न्हाई तुझ्याशी. सारा जिल्हा पडला हुता, तुला हेच गाव काहून घावलं?"

गाव मीच सुचवलं होतं, ताई. बाबा म्हणतात ते बरोबर आहे. तुला वाटलं, मी चारचौघांत तुझं नाव घेणार. नसतं घेतलं. मला एवढंच हवं होतं की आत्यांनी एकदा कानांनी ऐकावं: फिट हा मेंदूचा आजार आहे, औषधाने आटोक्यात राहतो, असा माणूस संसार करतो, त्याला लेकरं होतात. मग तरी तू दवाखान्यात त्यांच्यादेखत तोंड उघडशील. तुला तिसरा महिना लागलाय आणि तुला तपासणाऱ्या डॉक्टरला तुझ्या गोळ्या ठाऊकच नाहीत. मनाने बंद केल्यास तरी धोका, न तपासता तशाच घेत राहिलीस तरी काळजी. म्हणून तर दोऱ्याचं डॉक्टरांना विचार असं दोनदा लिहिलं. आज दोरा म्हणत नाही. गोळ्या.

लग्नाच्या वेळी बाबा म्हणाले, कळलं तर सोयरीक मोडेल. आपण सगळे गप्प बसलो. पण मी गप्प बसून काय बघत होते, सांगू? शाळेच्या पटांगणावर तू पडलीस तो दिवस. सगळे तुला हुंगवायला चप्पल शोधत होते आणि मी तुझं दप्तर धरून उभी होते. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, मेंदूच का? मी म्हटलं, लहानपणापासून आवड आहे. आवड कसली! मला तू माहीत होतीस. म्हणून तर मला हुबेहूब पडता येतं.

आता आज काय झालं ते वाच. बसली नसशील तर बस.

विहारापुढे मांडव होता. गर्दी एवढी की मागचे लोक टेम्पोच्या हौद्यात चढून बघत होते. मॅडम बोलत होत्या आणि ठरल्याप्रमाणे मी मधेच आडवी झाले. हातपाय ताठ, मग झटके. डोळे मिटलेले. आता मॅडम येतील म्हणून वाट बघतेय, तेवढ्यात बायकांमधून कुणीतरी धावत आलं. "सरका! हवा येऊ द्या लेकराला!" मॅडमनाच ढकललं असणार, कारण त्यांचा माइक दाणकन खाली पडला.

त्या बाईने मला अलगद एका कुशीवर वळवलं. पदराची घडी करून डोक्याखाली सारली. मग नाकाला कांदा लावला, नुकताच फोडलेला! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि कानाशी तोंड आणून ती हळूच म्हणाली, "दीक्षे, मी हाय न इथं. भिऊ नको. झालं, झालं आता."

ताई, दीक्षे म्हणाली.

मी झटके द्यायचंच विसरले. डोळा उघडला तर सोजराआत्या! माझ्याकडे बघताहेत, घामाने डबडबलेल्या, हातात अर्धा कांदा. "अगं, तू व्हय! नाटक हुतं व्हय हे!" असं म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला. मांडव हसून लोटपोट. मॅडम माइक उचलून म्हणाल्या, "बाईंनी कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, शेजारी बसून राहिल्या. शंभर गुण. कांद्याचा मात्र उपयोग नाही." आत्यांनी भर मांडवात विचारलं, "मग भाजीत घालू?"

ते कानातलं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. आत्यांनी आधी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "लग्नाला दोन महिने झाले असतील. चुलीपुढं भाकरी थापता थापता पडली. जरासाठी हात विस्तवात गेला असता. मी वढून घेतली, खाटंवर निजवली. उठली तर म्हनती, आत्या, उन्हानं डोळा लागला जणू. मी म्हनलं, व्हय बाई, ऊन लई हाय."

भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी हिंगोलीला डॉक्टर गाठून विचारून घेतलं. कुशीवर वळवायचं त्या डॉक्टरांनीच सांगितलं. कांदा आत्यांचा, कायम पिशवीत बाळगलेला. तेव्हापासून तुला चुलीपुढे बसू देत नाहीत आणि आडावर एकटी पाठवत नाहीत. तुला वाटलं, तुझी भाकरी आवडत नाही!

"मग तिला सांगितलं काहून न्हाई?" मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले.

"ती लपवून राहिली ना. म्हनलं, सासूला कळलं असं समजलं तर धसका घील, माहेरी धाडतेत म्हनंल. म्हनून आमीबी लपवून राहिलो." मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अन तुमचा तो दोरा! घरात शिलाई मशीन न्हाई, सुई धुंडली तर घावत न्हाई, अन ही बाई म्हैन्याला दोरा मागवती. परवा तुझं पत्र वाचून दाखवलं तिनं. दोऱ्याचं डाक्टरला इचार म्हनं! हसू दाबता दाबता माझी बरगडी दुखली."

आपण दोघी किती हुशार, ताई!

पण हसून झाल्यावर त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "आता लेकरू हाय पोटात. आता नाटक पुरं. मंगळवारी दवाखान्यात मी येते, माझा लेक येतो. सगळं सांगू. चुलीचंबी इचारू. डाक्टर हो म्हनला तर करू दे भाकरी, माझेबी गुडघे थकले." मॅडमनीही सांगितलंय की फिट येणाऱ्या बऱ्याच बायकांची बाळंतपणं नीट पार पडतात, फक्त डॉक्टरपासून काही दडवायचं नाही आणि गोळी मनाने सोडायची नाही.

आणि ऐक, शिबिर संपल्यावर खरी गर्दी झाली. बायका एकेक करून मॅडमच्या खुर्चीमागे येऊन कुजबुजत होत्या. माझ्या पोरीला. माझ्या धाकट्याला. निर्मलाबाई म्हणून एक आल्या, म्हणाल्या, मला स्वतःला, वीस वर्षं झाली, नवऱ्याला ठाऊक न्हाई. मॅडम गाडीत बसताना म्हणाल्या, "मित्रा, बक्षीस आपल्याला आधीच दिलं त्यांनी. काम आज झालं." मला तेव्हाच सांगायचं होतं की मला इथे का यायचं होतं. सांगितलं नाही. ते तू सांगायचं की नाही, हे तू ठरव.

तू म्हणशील, मी हे सगळं लिहायला नको होतं. मी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. अन पाकीट डकवू नको. आजवर तुमच्या पाकिटांना लई चिकटपट्ट्या बघितल्या."

पत्र भाऊजी घेऊन येताहेत. आता तुझ्यासमोर उभेच असतील, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत. त्यांनी वाटेत हे वाचलं असेल. वाचू दे. वर मान करून त्यांच्याकडे बघ, ताई. मग त्यांच्यासोबत तुझ्या घरी ये. मी खाट अडवून बसलेय.

उघड्या पाकिटातून,
तुझी मित्रा