सासूबाई आणि तापलेला रेडिएटर

ती. मामांना साष्टांग नमस्कार,

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, असं आईकडून कळलं. फार बरं वाटलं. मामींनी तुमचं गोड बंद केल्याचंही कळलं. त्याबद्दल मनापासून सहानुभूती. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, गाडी सोडून.

माझ्या मेहुणीला मुलगी झाली. सासूबाईंची ही पहिली नात, त्यामुळे त्या सकाळपासून चपला घालून दारात बसलेल्या. बायको आधीच तिकडे गेली होती, म्हणून गाडीत आम्ही दोघंच. अर्ध्या वाटेवर चढ लागला आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात घुसला. (मला वाटलं, काटाच बिघडलाय. माझ्या गाडीत काहीही झालं, तरी मी आधी सांगणाऱ्यावरच संशय घेतो.) मग बॉनेटमधून वाफ यायला लागली. शेजारून आज्ञा आली, "बाजूला घ्या. इंजिन बंद." घेतली. जरा वेळाने बॉनेट उघडलं आणि पाण्याची बाटली काखेत मारून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मनगटावर छत्रीची मूठ बसली.

"तोंड भाजून घ्यायचंय का? आत उकळतं पाणी कोंडलंय. झाकण फिरवलंत की सगळं अंगावर!"

"अहो, पण बाळ वाट बघतंय..."

"बघू दे. तिला काका धड चेहऱ्याचा दिसला पाहिजे."

आणि मामा, ज्यांना सगळ्यात जास्त घाई होती, त्याच रस्त्याकडेच्या कठड्यावर शांत बसून राहिल्या. (शांत म्हणजे, मला प्रश्न विचारत. इंजिनचं तेल कधी पाहिलंत? टायरमधली हवा? मी नापास होणाऱ्या मुलासारखा आभाळाकडे बघत होतो.) त्यांनी कित्येक वर्षं स्वतःची गाडी एकटीने चालवली आणि सांभाळली, हे मी ऐकून होतो, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. इंजिन पूर्ण निवल्यावर त्यांनी झाकणावर जाड फडक्याची घडी ठेवली, तोंड बाजूला वळवून झाकण किंचित सैल केलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली आणि मगच उघडलं. आत खडखडाट! एका नळीची पट्टी ढिली होऊन इंजिन थंड ठेवणारं सगळं कूलंट गळून गेलेलं. ती पट्टी त्यांनी स्वतः आवळली. डिकीत माझी कूलंटची बाटली होती, सील न तोडलेली. (मी ती मंगल वस्तूसारखी जपली होती.) पाणी मिसळायचं की तसंच ओतायचं, ते बाटलीवर वाचून त्यांनी रेडिएटर भरला, मग बाजूची टाकी वरच्या खुणेपर्यंत. चार थेंब सांडले, तिथे एक कुत्रं हुंगायला आलं. त्याला हाकलून त्यांनी जमीन धुतली. म्हणाल्या, "चवीला गोड असतं, पण विष आहे ते." आणि परतण्याआधी गाडी गॅरेजमध्ये दाखवायची, हे माझ्याकडून वदवून घेतलं.

पोचल्यावर त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि नातीला उचललं. मघाशी पट्टी आवळणारे ते हात आता दुपट्याचं टोक हलकेच सारखं करत होते. मी खिडकीबाहेर बघितलं. दुसरं काय करणार?

तुमचा भाचा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलंय आणि त्यांना नातीकडे वरचेवर जायचंय. तुमची ती कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी त्यांना द्याल का? तुमच्यापेक्षा जास्त जपतील. (रागावू नका.)

पुन्हा ता. क. मी माझीच गाडी देऊ केली होती. म्हणाल्या, "नको, तिला आधी माणसात येऊ दे." मग मी ड्रायव्हर म्हणून येतो म्हटलं, तर खूप विचार करून म्हणाल्या, "या. पण मागे बसा."