एकोणचाळीसच्या पुढची मोकळी जागा

स्फाक्स, बुधवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय सादोकमामा यांस,

तुमच्या कपाळाचं चुंबन घेऊन लिहितो. जेर्बाच्या दमट हवेत गुडघा कसा आहे? मामी, दोन्ही शेळ्या आणि कुणालाही हात लावू न देता तुम्ही जपलेला तो जाडजूड शब्दकोश, सगळे खुशाल असोत. आईचा सलाम. माझ्या फोनवरच्या निरोपांना तुम्ही वर्षभर उत्तर दिलेलं नाही, त्याचं कारण मला ठाऊक आहे. अरबी अक्षरांच्या जागी आकडे घालणाऱ्याचं तुम्ही वाचत नाही. (क़ाफऐवजी 9, ऐनऐवजी 3. आम्ही सगळेच तसं लिहितो मामा; फोनच्या लॅटिन कळांत आपले आवाज मावत नव्हते.) म्हणून हे पत्र शाईनं लिहिलंय आणि चार वेळा तपासलंय. यात आकडे येतील, पण ते कामापुरतेच.

मामा, जमलं! आज पावणेबाराला जमलं! हाज शाद्ली यांच्या मिठाईच्या दुकानाचं वेबपान मी करतोय हे आईनं सांगितलं असेलच. ईदच्या मागण्या त्यावरूनच घ्यायच्या होत्या. हाजनी सोमवारी बजावलं होतं, बुधवारी बारापर्यंत पान नीट दिसलं तर काम कायमचं तुझं, नाहीतर माझ्या पुतण्याचं. (पुतण्यानं पदवी घेतली आहे. मी कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं, हे तुम्ही विसरला नसालच.) पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा फोटोंना ना माप, ना चौकट. एका बकलाव्यानं अख्खा पडदा व्यापला होता. हाज चष्मा वर करून म्हणाले, "पोरा, ही मिठाई आहे की मशिदीचं दार?"

चूक शोधायला मला एक दिवस लागला. हाजची मुलगी एम्ना मिठाईच्या ताटांची यादी ठेवते. कॉफीबरोबरच्या ताटाला तिनं 9ahwa नाव दिलंय, लग्नाच्या ताटाला 3ers. पानावर तीच नावं चालतात, काही बिघडत नाही. पण पान सजवायची जी भाषा आहे, सीएसएस, तिला आकड्यानं सुरू होणारं नाव उच्चारलेलं खपत नाही. मी सगळ्या ताटांचं माप एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं. त्यातलं एक नाव खटकलं म्हणून तिनं ओळच्या ओळ टाकून दिली! साध्या काक बिस्किटांच्या ताटाचं नाव तर अक्षरानंच सुरू होतं, त्याचं काय चुकलं होतं? एका पाहुण्याचे बूट मळके म्हणून सबंध वऱ्हाड दारातून परत पाठवावं, तसा प्रकार. आणि तोंडातून अवाक्षर नाही. रागावली असती तर निदान कळलं तरी असतं.

मी एम्नाला म्हटलं, नावं बदलू या. ती म्हणाली, "नावांना हात लावायचा नाही. भट्टीवर चिकटवली आहेत, तिथे काम करणाऱ्या रकय्यामावशीला पाठ झाली आहेत. तू तुझी भाषा बदल." (ती बोलते तेव्हा पिठाचे हात कमरेवर ठेवते आणि ओढणीला पिठाचे दहा डाग पडतात. हे विषयाला सोडून झालं.)

शेवटी उपाय सापडला. आकडा थेट न लिहिता आधी उलटी तिरकी रेघ काढायची, मग त्या आकड्याचा यंत्रातला क्रमांक. नवाचा क्रमांक 39. म्हणजे पडदानशीन बाईचं नाव न घेता "अमक्याची आई" म्हणावं, तसं. शिकवणीच्या चित्रफितीत लिहिलं होतं \39 ahwa, मध्ये मोकळी जागा. मामा, तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत की शब्दाच्या पोटात मोकळी जागा सोडणं हा गबाळेपणा. मी ती जागा पुसून टाकली. सेहेचाळीस नावांतून पुसली. फोटो पुन्हा दाराएवढे! पुतण्या काल संध्याकाळी येऊन माझ्या खुर्चीची उंची आपल्या मापानं करून गेला.

आज सकाळी उलगडा झाला. यंत्राच्या त्या गणतीत a ते f ही अक्षरंसुद्धा आकडेच धरतात! जागा पुसल्यावर ते 39 वर थांबेचना, पुढचा a पण गिळून 39a वाचू लागलं, आणि 39a म्हणजे ग्रीकांचं कप्पा अक्षर. बिचारं कालपासून स्फाक्सच्या दुकानात कुठलीशी ग्रीक मिठाई शोधत होतं. ती मोकळी जागा म्हणजे "आकडा इथे संपला" ही खूण. नाव वाचताना यंत्र तिला स्वतःच गिळतं. मी सेहेचाळीस नावांत ती परत घातली, प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणत. पावणेबाराला सगळी ताटं आपापल्या चौकटीत येऊन बसली. रकय्यामावशीनं हातातली परात सोडून आनंदाचा असा गजर केला की शेजारचा चांभार विचारायला आला, कुणाचं ठरलं? हाजनी चष्मा वर करून पडद्यावरची ताटं बोटानं मोजली. मग म्हणाले, "हं. उद्यापासून आठाला येत जा." मी खुर्ची माझ्या उंचीला आणली.

मामींच्या हातांना सलाम. चूकभूल असल्यास (नसावी) कळवावी.

तुमचा भाचा,
नौफल

ता. क. खरं कारण असं, की येत्या रविवारी असरच्या नमाजानंतर तुम्ही हाज शाद्लींच्या घरी यावं. अब्बा नाहीत, आणि एम्नासाठी मागणी घालायला घरातलं मोठं माणूस हवं. आई बोलण्याआधीच रडते. तिथे तुम्ही माझ्या कॉलेजचा विषय काढू नये ही विनंती.

ता. क. दुसरा. क्रमांक बरोबर आहेत ना, एवढंच बघायला पत्र एम्नाला दिलं. तिनं सगळं वाचलं. म्हणाली, चौकोनी कंसात अवतरणचिन्हं घालून तीच नावं जशीच्या तशी लिहिली असती तरी चाललं असतं. मी करून पाहिलं. चाललं. विचारलं, सोमवारीच का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू विचारलंस कुठे? आणि जमत नसतं तर आज साडेअकराला सांगणारच होते." पुढे म्हणाली, "मामांना लिही, रविवारी माझे अब्बा भट्टीवर असतात, शनिवार बरा." वरचा रविवार मी खोडलेला नाही, खाडाखोड मला सहन होत नाही. आपण तिथे शनिवार वाचावा.