वेशीत हलगी नको

लष्करी इस्पितळ, आसाम
मार्च १९४५

तीर्थरूप दादांस, धाकट्या नाथाजीचा पाया पडून नमस्कार.

मी खुशाल हाय. अंगावर एकबी जखम न्हाई, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. खायाला पोटभर मिळतं. रानातला शाळू काढून झाला का? लंगडणारा बैल बरा हाय का?

आता फुडचं आईला वाचू नका. कुठं भांडं पडलं तरी मी खाटंखाली शिरतो. सुभेदारसाब म्हणाले, "मराठ्याचं पोर अन् भ्यालं?" गावात कुणी इचारलं तर हिवताप म्हणा.

फुडल्या महिन्यात सुट्टीवर येतोय. लढाईवरनं आलेल्या गड्याला हलगी वाजवून, बार उडवून वेशीतनं आणायची आपली रीत हाय. माझ्यासाठी तेवढं करू नका. मी मागच्या पांदीच्या वाटंनं गुमान चालत येईन.

आपला केरबाकाका जर्मनीच्या पयल्या लढाईतनं आला, तवापास्नं हलगी वाजली की बैलगाडीखाली जाऊन बसतो, अन् सारा गाव हसतो. आता कुणाला हसू देऊ नका. अन् काकाला माझा निरोप सांगा. म्हणावं, नाथाजी येतोय, गाडीखाली जरा सरकून बसा.

तुमचा,
नाथाजी