हरणी नेहमीच पहिली

कळंब, ता. आंबेगाव
मंगळवार, १० मार्च २०२६

सकाळी वीज नव्हती, त्यामुळे कांद्याला पाणी देता आलं नाही. डेअरीत दूध घालून आलो. दुपारी भात आणि आमटी केली, आमटीत मीठ विसरलो. आता ओट्यावर बसून हे लिहितो आहे.

प्रिय गोरखभाऊ यांस,

बाजीरावदाजींचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रत्नावहिनींची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे (आणि नसेल तर त्यांनी ती आमच्या इथून नेलेल्या चिक्कीवर ढकलू नये, ती गुळाची होती). माझी तब्येत ठीक आहे. फोनवर मला 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही सुचत नाही, हे तुम्ही जाणताच. तुमच्या बहिणीची, इंद्रायणीची, लग्न झाल्यापासूनची ती तक्रार होती. म्हणून पत्र.

माघात तुम्ही आलात तेव्हा माझ्या संगणकात ते घोड्यांच्या शर्यतींचं सॉफ्टवेअर घालून गेलात. म्हणालात, "दाजी, महिनाभर फुकट हाय. तुमी शिकलेली मानसं, जरा वापरून बगा आन् सांगा, इकत घ्यावं का न्हाई." महिना संपत आला आहे, म्हणून सविस्तर कळवतो.

सॉफ्टवेअर वाईट नाही. घोड्याचं नाव, वय, आजवरच्या शर्यती, स्वाराचं वजन, जमीन गवताची की वाळूची, एवढं भरलं की पुढच्या शर्यतीत कोण पहिला येईल ते सांगतं. शिवाय जो घोडा सारखा जिंकतो त्याच्या पाठीवर किती जादा वजन ठेवलं म्हणजे बाकीच्यांना न्याय मिळेल, तेही काढून देतं. पण पुण्याच्या रेसकोर्सवरचे घोडे मला सगळेच अनोळखी, निम्म्यांची नावं तर उच्चारताही येईनात. ओळख नसताना एखाद्याबद्दल मत देणं मला आवडत नाही (सोयरिकीच्या बैठकीतही मी गप्पच असतो). तेव्हा ज्या एकाच घोड्याला मी ओळखतो त्याची माहिती भरायची ठरवली. तो म्हणजे शेजारच्या बहिरूची घोडी, हरणी.

हडपसरला राहून तुम्ही आपला बैलगाडा शर्यतीचा घाट विसरला नसाल, तरी लिहितो. आपल्याकडे एका वेळी एकच बैलगाडा सुटतो, ती एक बारी, आणि त्याचे सेकंद मोजतात. घोडी पुढे पळते ती बैलांनी मागे धावावं म्हणून. बक्षीस बैलांना, गुलाल बैलांवर, भोंग्यावर नाव गाडामालकाचं. घोडीचे सेकंद कुणी मोजत नाही. इंद्रायणीला हे कधीच पटलं नाही. यात्रेच्या दिवशी आमच्या गच्चीवरून समोरचा घाट दिसतो, तिथे ती सकाळपासून बसायची आणि फक्त घोडीकडे बघायची. मी शेजारी पेपर वाचत असायचो. "आवो, बगा तरी! पाय भुईला लागत न्हाईत तिचं! बैलांचं काय कवतिक, ही म्होरं हाय म्हनून पळत्यात." मी म्हणायचो, हं.

त्यामुळे माहिती भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी स्वतः एकही बारी डोळ्यांनी पाहिलेली नाही. मला जे ठाऊक होतं ते सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं. कोणत्या वर्षी हरणी निशाणाच्या आधीच उसळली, कोणत्या वर्षी पायात खडा रुतला तरी थांबली नाही, कोणत्या वर्षी गाडामालक सूरजच्या खिलारी बैलांना तिने फार मागे टाकलं. आठवत गेलो आणि भरत गेलो. जमिनीच्या रकान्यात मुरूम लिहिलं, ते त्याने घेतलं नाही, म्हणून वाळू लिहिलं. स्वाराच्या वजनासाठी बहिरूला कांद्याच्या काट्यावर उभं केलं (खिशातली तंबाखूची डबी काढायला त्याने नकार दिला, ती वजनात धरली आहे). समोरचे स्पर्धक विचारले, तिथे बैलांची नावं टाकली. दुसरं कोण होतं?

निकाल आला तो असा, की हरणी ही आजवर एकदाही न हरलेली घोडी आहे. तिच्यापुढे कुणीही टिकत नाही. पुढच्या शर्यतीत तिच्या पाठीवर भरपूर जादा वजन ठेवावं, नाहीतर इतरांवर अन्याय होईल.

मी हे बहिरूला हसत सांगितलं, ही चूक. माझं हसणं लोकांना ओळखू येत नाही. बहिरूने मंचरला जाऊन त्या निकालाचा मोठा रंगीत कागद छापून आणला आणि चौकात चहाच्या टपरीवर लावला. संध्याकाळी सूरज गाडामालक माझ्या ओट्यावर. "आण्णा, माज्या बैलांना तुमच्या कंप्यूटरनं हारलेलं म्हनलं? आन् घोडी लईच जोरात आसंल तर ठेवा की तिच्यावर कांद्याची पिशवी! कंप्यूटरच म्हनतोय!" बहिरू मागून ओरडला, "पिशवी तुज्या डोक्यावर ठिवतो! आन् माजी घोडीच न्हाई आनली घाटात, तर बैलं काय तुज्या मागं पळत्याल?" मी दोघांनाही बसा म्हणालो. कुणी बसलं नाही. पुढचे काही दिवस बहिरूने हरणीला खरोखरच गोठ्याबाहेर काढलं नाही, आणि गाडामालक सराव कसा करायचा म्हणून माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर कुणाच्या अध्यात नव्हतो, तो मी गावच्या भांडणाचं मूळ झालो.

शेवटी यात्रा कमिटीची बैठक बसली. मला बोलावलं होतं. गेलो, पण नेहमीसारखा गप्प बसलो. सरपंच जानकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पिशवी-बिशवी काय ठिवायची न्हाई. पर नाव का नको पुकारायला? बिचारी दर बारीला म्होरं पळती, तिचं नाव घ्यायला तोंड दुखतंय व्हय रे तुमचं? इंद्रायणी ह्येच सांगून सांगून गेली, कुनी ऐकलं का तवा?" ठरलं असं की यंदा चैत्रातल्या यात्रेत प्रत्येक बारीला भोंग्यावर आधी घोडीचं नाव पुकारायचं, मग गाडामालकाचं. सूरजनेही मान हलवली. हरणी दुसऱ्या दिवशी घाटात आली.

घरी आलो आणि हे सांगायला तिला हाक मारली. दिवाळीत ती गेली, तरी अशी हाक अजून जाते. आत जाऊन चूल विझली आहे ना ते बघितलं, आणि बाहेर येऊन बसलो. तिची एवढी एक गोष्ट गावाने ऐकली, ती एका यंत्राच्या गैरसमजामुळे, आणि तीही एक यात्रा उशिरा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सॉफ्टवेअर विकत घेऊ नये. घोडी पुढे का पळते, हे त्याला कळत नाही.

रत्नावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचे,
बाजीरावदाजी

ता. क. घेऊ नये असं वर लिहिलं आहे, पण मी घेतलं आहे. महिना संपला की भरलेली माहिती पुसली जाईल असं त्यावर आलं होतं. ती माहिती इंद्रायणीची आहे.

आणखी एक. तुम्ही आयुष्यात कधी पत्त्यांतसुद्धा पैसे लावले नाहीत. रेसकोर्सच्या भिंतीपलीकडे काय आहे, हेही तुम्हाला ठाऊक नाही. मला काहीतरी उद्योग असावा म्हणून ते घालून गेलात, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. बोललो नाही, एवढंच.

शेवटचं, आणि खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसलो. यात्रेला या. गुडघ्याचं निमित्त नको, गच्चीच्या पायऱ्या हळू चढू. हरणीचं नाव पुकारतील तेव्हा तिथे कुणीतरी मोठ्याने बोलणारं हवं, आणि तुमचा आवाज तुमच्या बहिणीवर गेला आहे. बोलायला तुम्ही, हं म्हणायला मी आहेच. यंदा पेपर घेऊन बसणार नाही.

डिंक वाळून गेला आहे. दुपारच्या भाताची चार शितं पातेल्याला लागून आहेत, त्यांनी पाकीट चिकटवतो.